गीझरचं सॉकेट तापत होतं: लूप काढून जोडणी बदलली

१६ अँपिअरच्या सॉकेटचं फेजचं टर्मिनल काळं पडलं होतं. पुढच्या सॉकेटला लूप (इथूनच पुढे वीज नेणारी जोडणी) देण्यासाठी एकाच भोकात दोन वायरी कोंबलेल्या. अशात स्क्रू जाड वायरीवर टेकतो, बारीक सैल राहते. तिथला रोध वाढतो आणि ३००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो, तेव्हा तेच टोक भाजतं.

मेन बंद करून मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ दोन्हीत वीज नाही ना, ते तपासलं. गीझरला डीबीपासून (घरातल्या वीज वितरणाच्या बोर्डापासून) तांब्याची ४ चौरस मिमी स्वतंत्र लाइन ओढली, १६ अँपिअरच्या एमसीबीवर (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचवर). सॉकेट नवीनच. जुन्या येणाऱ्या-जाणाऱ्या वायरी चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापून ३२ अँपिअरच्या लिव्हर कनेक्टरने (खटका दाबून वायर पकडणाऱ्या जोडणीने) बॉक्समध्येच जोडल्या. अर्थची वायरही तशीच जोडली, म्हणजे सॉकेट काढलं तरी पुढचा अर्थ तुटत नाही. पिळून टेप गुंडाळलेला जोड बॉक्समध्ये मुळीच नको.

मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांच्या) वायरीच्या टोकाला फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबून बसवली (क्रिंप केली). टोकाला कथिल लावू नका: स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं, पकड सुटते. प्रत्येक वायर ओढून पाहिली. गीझर अर्धा तास चालवला, मग मेन बंद करून टर्मिनल तपासलं: थंड.