बचत गटाचा धंदा का बसतो? या चुका टाळा

गटाची वही हातात आली की मी आधी शेवटचे पान बघते. तिथे बहुतेकदा असा हिशेब असतो : पापड, माल २००० रुपये, विक्री ३०००, नफा १०००. सगळ्या खूश. मग विचारते, लाटायला किती जणी बसल्या होत्या? चौघी, दोन दिवस. म्हणजे ८ रोज. हजाराला आठने भागले की रोजाचे १२५ पडतात. त्याच आठवड्यात गावात खुरपणीचा रोज ३०० असेल, तर तो नफा नव्हे, १४०० रुपयांचा तोटा आहे. घरातल्या कामासारखी हीही मजुरी कुणी लिहीत नाही, म्हणून तो दिसत नाही, इतकेच.

भाव ठरवण्याआधी मजुरी, सरपण किंवा गॅस, पिशव्या, बाजारापर्यंतचे भाडे आणि तुटलेला माल मांडा. भाव गिऱ्हाइकाला जड जात असेल तर पाकीट लहान करा, नाहीतर पदार्थ बदला. मजुरीवर काट मारू नका.

दुसरा घोळ वहीतलाच. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही पंचसूत्री गट चालवायला आहे. धंद्याला वेगळी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही लागते. बचतीतून डाळ आणली, विक्रीतून बँकेचा हप्ता भरला, की वर्षाअखेर कुणालाच काही सांगता येत नाही. असे आधीच झाले असेल तर जुनी पाने दुरुस्त करत बसू नका. एका बैठकीत रोकड, माल आणि उधारी मोजा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि तिथून नवी वही सुरू करा.

दहाही जणींनी एकच धंदा केला पाहिजे, असे कुणी सांगितले कोण जाणे! गट कर्जासाठी एकत्र असतो. एकीच्या शेळ्या, दुसरीचे शिलाई मशीन, तिघींचा मसाला, असे खुशाल चालते. दहा मालकिणींच्या धंद्यात माल खराब झाला की मालकीण एकही सापडत नाही.

अनुदान आहे म्हणून यंत्र आधी आणू नका. काही महिने गावच्या गिरणीवर दळून माल विका. थ्री फेज वीज किती तास टिकते तेही तोवर कळेल.

बँकेतून पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपवर सह्या करून ठेवू नका. अध्यक्षबाई कितीही भल्या असल्या तरी.

कर्ज बाईच्या नावावर आणि पैसे घरधन्याच्या मोटारसायकलला, हे तर सर्रास. कर्ज देताना कारण प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात लिहा आणि पुढच्या बैठकीत वस्तू बघायला जा. वाईटपणा येतो, पण थकला हप्ता शेवटी सगळ्याच भरतात.

१० लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण मागू नये आणि गटाच्या बचत खात्यावर बोजा ठेवू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. शाखेत अडवले तर तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि गावातल्या सीआरपीला (गटांना मदत करणाऱ्या गावच्याच कार्यकर्तीला) किंवा उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुका कक्षात सांगा.

शेवटचे विक्रीचे. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात माल खपतो, पण ते काही दिवसांचे. उरलेल्या वर्षाला ठरलेले गिऱ्हाईक लागते. स्टॉलवर एक वही ठेवा आणि घेणाऱ्याचा फोन नंबर तिथल्या तिथे लिहून घ्या. परतीच्या एसटीत तो आठवत नाही.