ड्यू डेटपासून उलटं मोजा: बाळाला आपली इम्युनिटी पोचवायची कशी

मी कोपरखैरण्याची, मुलगी आता दीड वर्षाची आहे. सोसायटीत कोणी प्रेग्नंट असलं की हमखास विचारतात, बाळाच्या इम्युनिटीसाठी काय खाल्लंस गं? डिंकाचे लाडू खा की, मस्त लागतात, पण खाण्याआधी तारखा सांभाळा.

कसंय, बाळ पहिले काही महिने बरंचसं आपल्याच अँटिबॉडीजवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांवर काढतं. आयजीजी नावाच्या अँटिबॉडीज वारेतून त्याच्याकडे जातात, सुरुवात चौथ्या महिन्याच्या आसपास होते पण मोठा लॉट जातो तो शेवटच्या महिना-दीड महिन्यात, पूर्ण दिवसांच्या बाळात तर कधीकधी आईपेक्षा जास्त सापडतात. लवकर जन्मलेल्या बाळाला हा लॉट कमी मिळतो.

तर कालनिर्णय काढा आणि ड्यू डेटपासून मागे मोजा. समजा १२ डिसेंबर आहे, तर प्रेग्नन्सीचे २७ आठवडे पूर्ण होतात १२ सप्टेंबरला आणि ३६ होतात १४ नोव्हेंबरला. या दोन तारखांना गोल करा, टीडॅप म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याच्या लसीचं इंजेक्शन यांच्यामध्ये घ्यायचं, त्यातही लवकर घेतलेलं बरं, कारण अँटिबॉडीज तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि मग त्या वारेतून जायलाही वेळ हवा ना! सरकारी केंद्रात टीडी फुकट मिळतं, ते धनुर्वात आणि घटसर्पासाठी. टीडॅपमध्ये डांग्या खोकलाही येतो, पण ते बहुतेक प्रायव्हेटमध्ये पैसे देऊनच घ्यावं लागतं. टीडीचे डोस झाले असतील तर कार्ड दाखवून डॉक्टरांनाच विचारा काय आणि कधी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी असते, तेव्हाच विचारून टाका.

फ्लूचं इंजेक्शन प्रेग्नन्सीत कधीही चालतं. बाळाला ते सहा महिन्यांआधी देताच येत नाही, म्हणजे तोवर आपलं तेच त्याचं. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्यांची लस मात्र पोटुशी असताना घेत नाहीत, ती आधी किंवा नंतर.

आता तापाचं. मला सातव्या महिन्यात ताप आला, ऐन पावसाळा, सासूबाई म्हणाल्या काढा घे उतरेल, मी दोन दिवस घरीच काढले. डॉक्टरांनी जी झापलीय! डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून बरं. ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला की लगेच फोन करायचा, पॅरासिटामॉल किती ते त्यांनाच विचारून घ्यायचं, ब्रुफेन वगैरे घरात पडलेलं घ्यायचं नाही.

हे सांगायचं कारण, आईच्या आजारपणाचा बाळाच्या इम्युनिटीवर परिणाम होऊ शकतो असं उंदरांवर तरी दिसलंय. अमेरिकेत इम्युनिटीवर संशोधन करणाऱ्या यास्मिन बेलकाईद यांच्या टीमने २०२१ मध्ये दाखवलं की गाभण मादीला थोड्या दिवसांचं इन्फेक्शन झालं तर तिच्या अंगात वाढलेल्या आयएल-६ (इम्युनिटीच्या पेशींना निरोप देणारं प्रथिन) मुळे पिल्लांच्या आतड्यात टीएच-१७ नावाच्या इम्युनिटीच्या पेशी जास्त झाल्या. अशी पिल्लं पोटाच्या इन्फेक्शनशी चांगली लढली, पण आतड्याची सूजही त्यांना जास्त आली. म्हणजे फायदाही आणि तोटाही. उंदीर म्हणजे आपण नाही, त्यामुळे एका सर्दीवरून रात्रभर गूगल करत बसू नका, मी केलंय, झोप जाते फक्त.

डिलिव्हरीनंतर पहिलं पिवळसर चिकट दूध पिळून टाकायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्यात आयजीए नावाच्या अँटिबॉडीज भरपूर असतात. आणि मध चाटवायचा नाही, वर्षभर तरी नाही. यावरून आमच्याकडे आजेसासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

शेवटचा गोल बाळ नऊ महिन्यांचं होईल त्या पानावर. आपल्या अँटिबॉडीज अंगात असेपर्यंत गोवराची लस नीट लागू होत नाही, म्हणून एमआरचा (गोवर-रुबेला) पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. ड्यू डेट डिसेंबरची असेल तर ते पान पुढच्या वर्षीच्या कालनिर्णयात येतं, त्यामुळे नवीन आणलं की आधी तेवढं लिहून ठेवा, मी विसरले होते.