अंधार पडताच आपोआप लागणारे गाडीचे जादा दिवे
एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा सेन्सर) मी डॅशबोर्डवर, काचेखाली, आभाळाकडे तोंड करून बसवतो. कारण आपल्याच दिव्यांचा उजेड त्यावर पडला, की दिवे लागतात-विझतात, पुन्हा लागतात. एलडीआर आणि प्रीसेट (फिरवून जुळवायचा रेझिस्टर) यांच्या जोडावरचा व्होल्टेज एलएम३९३ कॉम्पॅरेटरला (दोन व्होल्टेजची तुलना करणारी आयसी) द्या. त्याच्या आउटपुटला पुल-अप रेझिस्टर (आउटपुटपासून प्लस सप्लायपर्यंत) लागतोच. पुढे ट्रान्झिस्टर, मग १२ व्होल्टचा रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच). कॉइलवर उलटा डायोड लावा, नाहीतर ट्रान्झिस्टर जळतो. तिन्हीसांजेला रिले फडफडू नये म्हणून आउटपुटपासून पॉझिटिव्ह इनपुटला मोठा रेझिस्टर जोडा; ही पायरी कृपा करून गाळू नका. सर्किटचा सप्लाय इग्निशननंतरच्या वायरवरून घ्या. दिव्यांची वायर बॅटरीवरून, फ्यूज टर्मिनलच्या अगदी जवळ. रिलेच्या कॉन्टॅक्टना (कॉइलला नव्हे) समांतर एक हाती स्विच ठेवा: सेन्सर बिघडला तरी दिवे लागलेच पाहिजेत.