ॲडमिन झालात? मग या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कुणी नवा ॲडमिन मला विचारतो, "ताई, ग्रुपवर फार भांडणं होतात, एखादा चांगला बॉट सुचवा ना." चौकशी केली की कळतं, ग्रुप सोमवारी उघडलाय आणि आज गुरुवार आहे. अजून त्याला आपल्या ग्रुपमधल्या दहा माणसांची नावं माहीत नाहीत, पण बॉट नावाच्या प्रोग्रामने ग्रुप आपोआप चालवावा असं मात्र वाटतं. ही घाई बघून मला राग येतो, कारण तिचे परिणाम मी बघितलेत. त्यातले काही माझ्या हातूनच घडलेत.

२०१८ पासून मी स्पर्धा परीक्षेच्या एका टेलिग्राम ग्रुपचं काम बघते. आज सहा हजारांवर मुलंमुली आहेत. हिंगोलीहून, गडचिरोलीहून, नंदुरबारहून एखादा मुलगा स्वारगेटला किंवा शिवाजीनगरला उतरतो, नवी पेठेत कॉट बेसिसवर जागा बघतो, मेस लावतो, अभ्यासिकेत नाव घालतो. पुण्यात त्याच्या ओळखीचं कुणी नसतं. खोलीतल्या पार्टनरने पाठवलेली आमच्या ग्रुपची लिंक हीच बऱ्याचदा या शहरातली त्याची पहिली ओळख असते. तिथे त्याच्याशी आपण कसं बोलतो, याला फार महत्त्व आहे असं मी मानते.

प्रश्नाचं उत्तर न देता भाषा सुधारणं

ही चूक खास पुण्याची आहे, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते.

एका मुलीने विचारलं होतं, "चालू घडामोडीच्या नोट्स कुठं भेटतील?" मिनिटभरात कुणीतरी लिहिलं, "माणसं भेटतात, नोट्स मिळतात." त्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. तिसाव्या की चाळिसाव्या नंबरवर माझाही इमोजी होता. मी शनिवार पेठेत वाढले, हे वाक्य मी घरात, शाळेत, दुकानात हजारदा ऐकलंय. त्यात कुणाला काही लागू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नोट्स कुठे मिळतात, हे त्या दिवशी कुणीच सांगितलं नाही.

टेलिग्रामच्या मोठ्या ग्रुपमधून कुणी बाहेर पडलं तर पत्ताही लागत नाही, त्यामुळे ती गेली हे मला कळलंच नाही. सात-आठ महिन्यांनी शास्त्री रस्त्याजवळच्या एका अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावरच्या मुलीशी बोलणं झालं. मीच ॲडमिन हे कळल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, त्यानंतर पंधरा दिवस मी ग्रुपवर प्रश्न लिहायचे, आणि पाठवायच्या आधी पुसून टाकायचे. मग ग्रुपच सोडला." ती परभणी जिल्ह्यातली. तिच्या घरी सगळे 'भेटतील'च म्हणतात, आणि ते मराठीच आहे.

यावर मला नेहमी एकच उत्तर मिळतं: "अहो, मुख्य परीक्षेला मराठीचा पेपर असतो, मग शुद्ध लिहायला नको का?" पेपरात लिहावंच. पण नोट्सचा पत्ता विचारणारी मुलगी पेपर लिहायला बसलेली नसते. आता आमच्याकडे एकच रीत आहे: आधी उत्तर. ज्याला उत्तर माहीत नाही त्याने भाषेवर बोलायचं नाही. ज्याला आपलं लेखन तपासून हवं असतं तो स्वतःहून निबंध टाकतो. त्यासाठी ग्रुपमध्ये 'शुद्धलेखन' नावाचा वेगळा टॉपिक आहे. तिथे ऱ्हस्व-दीर्घावर मनसोक्त चर्चा चालते आणि कुणाला काही लागत नाही, कारण तिथे तपासून घ्यायला प्रत्येकजण आपल्या पायांनी येतो. 'पानी', 'लोनी', 'व्हतं' यांवर बाहेर कुणी हसलं, तर मी त्या मेसेजला रिप्लाय करून मूळ प्रश्नाचं उत्तर देते. हसणाऱ्याला ग्रुपवर काही बोलत नाही, पर्सनलवर दोन ओळी लिहिते. बहुतेकांना आपण काय केलं हे खरंच कळलेलं नसतं, जसं मला कळलं नव्हतं.

आधी रिमूव्ह, मग विचार

११ मार्च २०२१. महाशिवरात्र होती. रविवारी, १४ तारखेला, राज्यसेवेची पूर्वपरीक्षा होती. कोविडमुळे आणि इतर कारणांनी ती आधीच अनेकदा पुढे गेली होती, आणि मुलं टेकीला आली होती. 'परीक्षा पुन्हा रद्द' अशा बनावट पीडीएफ त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर सात-आठ वेळा येऊन गेल्या होत्या. दरवेळी पन्नास मुलं घाबरून विचारायची, दरवेळी मी मेसेज पुसायचे.

त्या दुपारी एका मुलाने परीक्षा पुढे ढकलल्याच्या परिपत्रकाचा फोटो टाकला. फोटो वाकडा, अर्धा कापलेला. मी तो पुसला, मुलाला रिमूव्ह केलं आणि ग्रुपवर लिहिलं, "अफवा पसरवणाऱ्यांना इथे जागा नाही." त्याचं नावही लिहिलं.

ती बातमी खरी होती. थोड्याच वेळात सगळीकडे आली. संध्याकाळी नवी पेठेत, शास्त्री रस्त्यावर मुलं निषेधाला उतरली. परीक्षा पुढे २१ मार्चला झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मनात मात्र तो मुलगा राहिला. रोज रात्री नऊ वाजता न चुकता भूगोलाचे दहा प्रश्न टाकणारा मुलगा होता तो. टेलिग्रामवर असं काढलेलं माणूस लिंकवरून परत येऊ शकत नाही, ॲडमिनने काढलेल्यांच्या यादीतून त्याचं नाव हटवावं लागतं. मी हटवलं, त्याला मेसेज केला. दोन दिवसांनी उत्तर आलं: "सर, मी कधी खोटं टाकलं होतं का?" (ॲडमिन बाई असेल असं तेव्हा कुणाच्या मनातच येत नसे.) जिथे त्याला अफवा पसरवणारा म्हटलं होतं तिथेच, त्याच ग्रुपवर, मी त्याची माफी मागितली आणि ती पिन केली. तो परत आला. भूगोलाचे प्रश्न पुन्हा सुरू व्हायला दिवाळी उजाडली.

तेव्हापासून माझ्या सवयी बदलल्या. संशयास्पद मेसेज आला की मी त्याखाली विचारते, "कुठून मिळालं?" आणि 'तपासते आहे, पंधरा मिनिटं थांबा' असं पिन करते. मग परीक्षा घेणाऱ्या लोकसेवा आयोगाची वेबसाइट उघडते. मुलं अगदीच बिथरली असतील तर स्लो मोड लावते, म्हणजे एकाला पाच मिनिटांत एकच मेसेज टाकता येतो आणि आग थोडी निवते. कुणाला थांबवायचंच असेल तर एका दिवसापुरतं लिहिणं बंद ठेवते, बाहेर काढत नाही. आणि कारवाई केलेल्याचं नाव ग्रुपवर पुन्हा कधीही लिहिलेलं नाही.

एक बारीक गोष्ट नव्या ॲडमिनना माहीत नसते. व्हॉट्सॲपवर ॲडमिनने मेसेज पुसला तर तशी खूण राहते. टेलिग्रामवर काहीच राहत नाही. मुलाला वाटतं मेसेज गेलाच नाही, तो पुन्हा टाकतो, आपण पुन्हा पुसतो, आणि दोघंही चिडतो. पुसलं की त्याला लगेच एक ओळ लिहा, 'अमुक कारणासाठी काढलं'. शिवाय कुणी काय पुसलं, कुणाला काढलं याची नोंद टेलिग्राम ॲडमिनना ४८ तासच दाखवतं. तक्रार आली असेल तर स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा.

बॉटच्या हाती ग्रुप देणं

आमच्या एका सहकाऱ्याने मोठ्या उत्साहाने शब्दांची यादी केली आणि बॉटला दिली. यादीत 'जात' हा शब्द होता. जातीवरून भांडणं होतात, मग शब्दच बंद, असा हिशोब. दुसऱ्या दिवसापासून जात पडताळणीचे कागद कोणते लागतात, जात वैधता प्रमाणपत्राला किती दिवस लागतात, असे प्रश्न गायब व्हायला लागले. ज्यांना ती माहिती सगळ्यात जास्त हवी होती तीच मुलं गप्प झाली. खरी शिवी देणारा मात्र अक्षरांमध्ये टिंब टाकून आरामात आत येत होता. बॉट मी फक्त 'घरबसल्या रोज पाच हजार कमवा' छाप लिंकांसाठी ठेवलाय. तेवढं तो चोख करतो.

'दोघांनीही शांत राहा'

निकाल लागला, प्रवर्गनिहाय कटऑफ आला, की त्या रात्री कुणीतरी कुणाच्या तरी आरक्षणावरून बोलतो. आरक्षणाच्या धोरणावर चर्चा करायला माझी हरकत नाही, अभ्यासक्रमातच आहे ते. पण 'तुमचं काय, तुम्हाला फुकट मिळतं' असं समोरच्या मुलाला उद्देशून लिहिलं की ती चर्चा उरत नाही. तिथे बरेच ॲडमिन लिहितात, "दोघांनीही वाद थांबवा." मला हे वाक्य वाचवत नाही. एकाने अपमान केला, दुसऱ्याने उत्तर दिलं, आणि तुम्ही दोघांना एका मापाने मोजलंत. ज्याचा अपमान झाला त्याला कळतं की इथेही आपल्या बाजूने कुणी नाही.

बाकी सगळीकडे धीर धरा म्हणणारी मी, इथे थांबत नाही. जातीवरून हिणवणारा मेसेज दिसला की तो माणूस त्याच मिनिटाला बाहेर. मग ज्याला बोललं गेलं त्याला पर्सनलवर मेसेज, आणि ग्रुपवर एक सरळ वाक्य: असं बोलणं इथे चालत नाही. अशा माणसाला परत घेण्याचा विचार मी सहा महिने करत नाही.

मुलींना पर्सनलवर त्रास देणाऱ्यांचंही तेच. ग्रुपमध्ये नाव दिसलं की रात्री अकराला 'हाय, कुठल्या पेठेत राहतेस?' सुरू होतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर नंबरच सगळ्यांसमोर असतो, म्हणून मोठा, अनोळखी ग्रुप मी तिथे करतच नाही. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, कसा ते पिनमध्ये लिहिलंय. मुलीने स्क्रीनशॉट पाठवला की तो ग्रुपवर टाकून 'खरं आहे का' असं विचारायचं नाही, त्यात तिचीच ओळख उघडी पडते. आणि निदान एक बाई ॲडमिन हवीच. तिचं नाव पिनमध्ये स्पष्ट दिसलं पाहिजे.

नियमांच्या पुणेरी पाट्या

'येथे फालतू प्रश्न विचारू नयेत.' 'आधी शोधा, मग बोला.' 'उत्तर न मिळाल्यास पुन्हा विचारू नये.' पुण्यातल्या निम्म्या ग्रुपांचे नियम असेच असतात. वाड्याच्या दारावर पाटी शोभते, वाचणारा दोन क्षण थांबून पुढे जातो. इथे त्या मुलाला आत येऊन राहायचं असतं. आमचे नियम आता पाचच आहेत आणि त्यातला पहिला असा: 'कुठलाही प्रश्न विचारा, आधी विचारलेला असला तरी.' तेच प्रश्न पुन्हा येतात, हो. मी जुन्या उत्तराची लिंक देते. त्याला दहा सेकंद लागतात.

थोडक्यात आणखी काही

सगळ्यात जास्त बोलणाऱ्याला ॲडमिन करू नका. बोलायच्या आधी वाचणारा शोधा.

जरा काही झालं की 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' करून ग्रुपला कुलूप लावू नका. 'ताई, माझ्यावर केस झाली तर?' या भीतीने बरेच जण लावतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, त्यात त्याचा सामायिक हेतू दिसला पाहिजे. तुम्ही स्वतः तसलं काही टाकत नसाल, पसरवत नसाल, तर कुलूप कशाला?

स्वतः चिडलेले असताना ग्रुप उघडू नका. मी फोन स्वयंपाकघरात ठेवून लकडी पुलापर्यंत चालून येते.

ज्या मुलांनी आठवडाभर काही लिहिलेलं नाही, त्यांतल्या दोघा-तिघांना रविवारी सकाळी मी मेसेज करते, 'कसा चाललाय अभ्यास?' सहा हजारांत हे समुद्रात मूठभर मीठ आहे, माहीत आहे. तरी करते.

रात्रीचा मेसेज 'विषयाबाहेरचा' म्हणून पुसणं

निकालाच्या रात्री एक-दीडला कुणीतरी लिहितं, 'आता घरी काय तोंड दाखवू, सगळं संपलं.' एका ग्रुपवर असा मेसेज पुसून 'इथे फक्त अभ्यासाचं बोला' असं लिहिलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. मला त्या रात्री झोप लागली नाही.

असा मेसेज पुसू नका आणि त्यावर उपदेशही सुरू होऊ देऊ नका. पर्सनलवर लगेच लिहा, फोन करता आला तर फोन करा, कुठे आहे ते विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का हेही सरळ विचारा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. तो नंबर आमच्या पिनमध्ये पहिल्या ओळीत आहे. निकालाच्या आठवड्यात आम्ही सहा ॲडमिन रात्री अकरा ते पहाटे पाच पाळ्या लावतो, आणि शक्य असेल तिथे त्या मुलाचा रूम पार्टनर शोधून काढतो. मागच्या वेळी माझी पाळी दोन ते पाच होती. नारायण पेठेतल्या एका पार्टनरला तीन वाजता उठवलं, त्याने शेजारच्या कॉटवरच्या मुलाला उठवून चहा करून दिला, आणि साडेतीनला मला दोन कपांचा फोटो पाठवला.