सड्याची मोजणी: आधी कातळ, मग फुलं

रत्नागिरी-सिंधुदुर्गातला जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, सातबाऱ्यावर बहुधा पोटखराबा (लागवडीला निरुपयोगी जमीन) म्हणून नोंदलेला असतो. एकाच सड्यावर गुरं चरतात, खळग्यात भात होतो, पलीकडे सुरुंग लावून आंब्याची कलमं उभी राहतात आणि टोकाला चिरेखाण असते. जमिनीचा वापर वाढतो तसं काय हरवतं, हे मोजायला याहून सोयीची जागा क्वचित मिळेल.

प्रत्येक वापराचा 50 बाय 50 मीटरचा एकेक तुकडा निवडा. जवळपास हात न लागलेला तुकडा तुलनेसाठी हवाच. मालकाची परवानगी घ्या. राखीव वनात वनखात्याची. मोबाइलचं जीपीएस काही मीटर चुकतं, म्हणून कोपऱ्यांवर ऑइलपेंटचा ठिपका द्या. कातळशिल्प जवळ असेल तर रंग वापरू नका, मोजपट्टीने अंतरं टिपा.

कातळाची मोजणी मे महिन्यात करा, गवत नसताना. कडेपासून अडीच मीटर आत सुरुवात करून उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी दर 5 मीटरला थांबलात की 100 बिंदू होतात. प्रत्येक बिंदूवर पायाखाली काय आहे ते लिहा: उघडा कातळ, भेग, खळगा, मातीचा थर, सुटा दगड की भराव. सायकलच्या स्पोकवर सेंटिमीटरच्या खुणा करून मातीची खोली घ्या. कलमांच्या बागेत मात्र घोळ होतो. 10 बाय 10 मीटरवर लावलेल्या कलमांचे खड्डे आणि तुमचे बिंदू एका ओळीत आले, तर ठरावीक बिंदू नेमके भरावावर पडतील किंवा सगळेच भराव चुकवतील. तिथे बिंदूंच्या रांगा तिरक्या घ्या.

उंचसखलपणासाठी बारीक कड्यांची 10 मीटर साखळी कातळाला चिकटवून अंथरा आणि तिच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजा. ते 8 मीटर भरलं तर 10 भागिले 8, म्हणजे 1.25. सपाट केलेल्या जागी उत्तर 1 च्या जवळ येतं. एका तुकड्यात अशा तीन रेघा पुरेत, पण साखळी सगळीकडे तीच हवी. ताणलेली दोरी भेगांवरून आडवी जाते, त्यामुळे ती उपयोगाची नाही.

वापराची तीव्रता अंदाजाने ‘कमी-जास्त’ लिहू नका. 2 मीटर रुंद पट्ट्यातले शेणाचे पो मोजा. सुरुंग, बाहेरची माती, खत, तणनाशक, वणवा या प्रत्येकाची आहे-नाही अशी वेगळी नोंद ठेवा. नुसती चराई आणि सुरुंग एकाच मापात बसत नाहीत. चराई थांबली तर गवत परत येऊ शकतं, पण फोडलेली भेग परत येत नाही.

वनस्पतींसाठी तीन फेऱ्या करा: जूनअखेर, ऑगस्टचा मध्य, सप्टेंबरअखेर. पीव्हीसी पाइपची 1 मीटरची चौकट प्रत्येक प्रकारच्या जागेत पाच वेळा ठेवा. सीतेची आसवं आणि गेंद यांच्या बारीक जाती उभ्याने दिसत नाहीत. गुडघ्यावर बसून भिंगातूनच पाहा. सुटा दगड उचललाच तर त्याच बाजूने, त्याच खाचेत परत ठेवा. त्याखाली पाली, विंचू, बेडूक राहतात, आणि दगड उलटा पडला की तिथला ओलावा जातो.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. एकूण जातींचा आकडा बागेत किंवा रस्त्याकडेला वाढलेला दिसू शकतो, कारण भरावासोबत रानमोडी, टाकळा, गाजरगवत येतं. म्हणून सड्याच्या खास जाती आणि तण असे दोन रकाने करा. पहिला रकाना घसरला असेल तर एकूण बेरीज वाढल्याचा आनंद मानू नका.

तुलना करताना खळग्याशी खळगा आणि भेगेशी भेग लावा. चराईच्या तुकड्यात मुळातच खळगे कमी असतील तर तिथल्या कमी जातींचा दोष गुरांवर जाईल, आणि तो चुकीचा ठरेल. खाणीत साचलेलं पाणीही खळगा म्हणून मोजू नका: सड्यावरच्या डबक्यात काही सेंटिमीटर पाणी असतं आणि ते पावसानंतर आटतं. खाणीच्या उभ्या कडांच्या खोल खड्ड्यात डबक्यातल्या वनस्पतींना पाय रोवायला उथळ काठच मिळत नाही. अशा पाण्याचा रकाना वेगळा ठेवा आणि खोली मीटरमध्ये लिहा.