एलएल.एम.चा कॉर्पोरेट गव्हर्नन्स : तालुक्यातली शेतकरी कंपनी समोर ठेवून अभ्यास करा

कंपनी कायदा, २०१३ मध्ये ४७० कलमं आहेत. पहिल्या पानापासून वाचत गेलात तर सेमिस्टर भागभांडवलातच संपेल. आधी कलम १४९ (संचालक मंडळ), १६६ (संचालकांची कर्तव्यं), १७४ (मंडळाची गणपूर्ती, म्हणजे कोरम), १७७ (लेखापरीक्षण समिती), १८४ (संचालकाने हितसंबंध सांगणं), १८८ (संबंधित पक्षाशी व्यवहार) आणि २४१-२४२ (दडपशाही आणि गैरकारभार) पक्की करा.

मग वरूडची संत्र्याची म्हणा की वाशिमकडची सोयाबीनची, एक शेतकरी उत्पादक कंपनी निवडा. एमसीए (कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालय) पोर्टलवर प्राथमिक माहिती फुकट दिसते. १०० रुपये भरले की नियमावली, ताळेबंद, वार्षिक विवरणपत्र पाहता येतं. संचालक मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं मात्र तिथे नसतात. त्यासाठी कंपनीच्या सीईओंनाच भेटा.

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. जुन्या पुस्तकांत या कंपन्यांची कलमं ५८१ए पासून आहेत, ती १९५६ च्या कायद्यातली. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती २०१३ च्या कायद्यात ३७८ए ते ३७८झेडयू झाली. जुना क्रमांक लिहिला की परीक्षकाला लगेच कळतं, पुस्तक कोणत्या सालचं आहे ते.

आता तुलना करा. साधारण कंपनीत संचालक मंडळाची गणपूर्ती एक तृतीयांश किंवा दोन, यातलं जास्त ते. उत्पादक कंपनीत एक तृतीयांश, पण किमान तीन. खासगी कंपनीच्या वार्षिक सभेला दोन सभासद पुरतात, इथे एक चतुर्थांश लागतात. म्हणजे ४०० सभासद असतील तर १००. सोयाबीन काढणीत सभा लावली तर एवढे येतील का? सह्यांचं रजिस्टर आणि इतिवृत्त शेजारी ठेवून पाहा.

कलम १८८ साठी उदाहरण तालुक्याच्या बाजारातच सापडतं. संचालकाचा भाऊ ज्या कृषी केंद्रात भागीदार आहे, तिथून कंपनी बियाणं घेते. हा संबंधित पक्षाशी व्यवहार झाला. तो नेहमीच्या धंद्यातला असेल आणि भाव परक्याला लावला असता तोच असेल, तर कलम १८८ च्या मंजुरीतून सूट मिळते. कलम १८४ खाली हितसंबंध सांगणं मात्र सुटत नाही. इतर दोन-तीन केंद्रांची कोटेशनं मागा, तुमचा निम्मा लघुप्रबंध तिथेच आहे.

स्वतंत्र संचालक (कंपनीशी आर्थिक संबंध नसलेले) आणि सेबीचे २०१५ चे एलओडीआर (सूचीबद्धता आणि माहिती उघड करण्याचे) नियम या कंपन्यांना चिकटवू नका. ते नियम शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्यांसाठी. कलम २४१-२४२ चा भाग टाटा-मिस्त्री वादावरून (टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून सायरस मिस्त्रींना हटवल्याचा) वाचा : राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण २०१८, अपिलीय न्यायाधिकरण २०१९, सर्वोच्च न्यायालय २०२१, याच क्रमाने. मधल्या निकालाने पहिला उलटवला, शेवटच्याने मधला.

निकाल शेकडो पानांचे. तालुक्याला गेलात की पीडीएफ उतरवून घ्या, गावात रेंजचा भरवसा नाही.