नाशिकमध्ये स्वस्तात मोठी रूम घेताय? या चुका टाळा

आमची कंपनी अंबड एमआयडीसीत आहे, आणि बाहेरगावहून ऑडिटर, सर्व्हिस इंजिनिअर, व्हेंडर असं जे कोणी येतं त्यांचं हॉटेल बघायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याच गळ्यात पडलंय. बजेट ठरलेलं, दीड ते दोन हजार. रूम चुकली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाचं तोंड मलाच बघायचं असतं, त्यामुळे बऱ्याच चुका आधीच करून झाल्यात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फोटोत रूम ऐसपैस दिसली, रेट कमी दिसला की लगेच बुक करून मोकळं होणं. अहो पण एवढी मोठी रूम एवढ्या स्वस्तात का देतायत हे तरी बघा! आपल्याकडे रामकुंड, काळाराम, त्र्यंबकेश्वर, तिथून पुढे शिर्डी असं करत लोक येतात आणि येतात ते अख्खं कुटुंब घेऊन. बरीच साधी हॉटेलं त्यांच्या हिशोबाने बांधलेली आहेत, एक डबल बेड, भिंतीला लागून एक सिंगल आणि खाली दोन गाद्या टाकता येतील एवढी जागा. तुम्ही एकटे लॅपटॉप घेऊन गेलात की जागाच जागा, पण टेबल नाही, प्लग पॉइंट एकच तो पण टीव्हीच्या मागे, आणि वायफायचा राउटर लांब पॅसेजमध्ये, म्हणजे रेंज दारापाशीच संपते. म्हणून बुक करायच्या आधी हॉटेलला डायरेक्ट फोन करून टेबल-खुर्ची आहे का आणि बेडजवळ प्लग आहे का एवढं विचारा. एक्स्टेन्शन बोर्ड मी आता पाहुण्यांना ऑफिसातूनच देतो, विषयच संपला.

दुसरं, एसी. मे महिन्यात कोल्हापूरचे एक इंजिनिअर आले होते, रात्री साडेदहाला फोन, "साहेब रूम एक नंबर आहे, क्रिकेट खेळता येईल, पण मी घामाने भिजलोय." गेलो. वीस बाय पंधराची रूम म्हणजे तीनशे स्क्वेअर फूट, आणि एसी एक टनाचा, जो साधारण सव्वाशे स्क्वेअर फुटाला पुरतो. रिमोटवर सोळा लावून बसले होते. सोळा लावलं म्हणून रूम लवकर गार होत नाही, एसी आपल्याच वेगाने चालतो, फक्त बंद पडायचं नाव घेत नाही. पुढचं झाकण उघडून जाळी काढली तर धुळीची अक्षरशः गोधडी झालेली, बाथरूमच्या नळाखाली धुतली, झटकून परत लावली, चोवीस ठेवलं, पंखा दोनवर, आणि पश्चिमेच्या मोठ्या काचेवर पडदा ओढला कारण दिवसभर तापलेली काच रात्रीपर्यंत उष्णता सोडत असते. पाऊण तासात झोपण्यासारखं झालं. आता मी फोनवर एसी किती टनाचा हे पण विचारतो, रिसेप्शनवाला हसतो, हसू दे. आणि लाइट गेली तर जनरेटरवर एसी चालतो का हे पण विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी फक्त पंखा आणि ट्यूब चालते.

थंडीत तक्रार उलटी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो आणि गरम पाणी असतं सोलरचं. शेजारच्या रूममधली दर्शनाला निघालेली मंडळी पहाटे चारला उठून बादल्या भरतात, तुम्ही साडेसातला नळ सोडलात की कोमट, आठला थंडगार. गिझर आहे का ते विचारा, आणि असेल तर त्याचा स्विच बाथरूमच्या बाहेर शोधा, अर्धे लोक तो न लावताच खाली भांडायला येतात. सोलरच असेल तर नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, गच्चीवरून पाणी यायला तेवढा वेळ लागतोच. पहाटेच्या आवाजावर मात्र इलाज नाही, लिफ्ट आणि जिन्यापासून लांबची रूम मागा, मुंबई नाक्याच्या बाजूला असाल तर मागच्या अंगाची, नाहीतर रात्रभर हायवेचे हॉर्न.

लोकेशनचा घोळ तर दरवेळी. बाहेरच्या माणसाला वाटतं स्टेशनजवळ हॉटेल घेतलं की झालं. नाशिकरोड स्टेशनपासून सीबीएस, म्हणजे शहरातला मध्यवर्ती बस स्टँड, नऊ-दहा किलोमीटर, सातपूर एमआयडीसी त्याच्याही पुढे, आणि मधे द्वारका चौक, तिथे संध्याकाळी अडकलात की बसा. काम सातपूरला असेल तर त्र्यंबक रोड, कॅनडा कॉर्नर, कॉलेज रोड बघा, अंबडला असेल तर पाथर्डी फाटा किंवा मुंबई नाका, आणि सिन्नरला जायचं असेल तरच नाशिकरोड सोयीचं. रात्री पंचवटी एक्स्प्रेसने येणार असाल तर उशिरा येतोय हे हॉटेलला आधी कळवा. अ‍ॅपवर पे अ‍ॅट हॉटेल केलेलं बुकिंग "आमच्याकडे आलंच नाही" म्हणून रूम दुसऱ्याला दिलेली मी दोनदा बघितलीय, त्यातल्या एकदा पाहुणे आमच्या घरी हॉलमध्ये झोपले, बायको अजून ऐकवते. कन्फर्म करताना फोनवर कोण बोललं त्याचं नाव लिहून ठेवायचं.

बिलाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारापर्यंतच्या रूमला जीएसटी ५ टक्के आहे, हे अकाउंट्सवाल्यांना आधीच सांगून ठेवा. आणि कोणी अजूनही जुन्या १२ टक्क्यांनी बिल देत असेल तर चेकआउटच्या घाईत नाही, चेकइनलाच बोला. आधार द्यायचं तर मास्क्ड द्या, शेवटचे चार आकडे दिसतात तेवढे पुरे.

तारखा न बघता बुक करणं ही पण चूकच. श्रावणी सोमवार, त्यातून तिसरा, ब्रह्मगिरीची फेरी असते, त्र्यंबक रोडला रूम विचारू पण नका. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत, तेव्हाची मशीन सर्व्हिसिंग मी आत्ताच पुढे ढकलायला सांगितलीय.

राहिला नाश्ता. फ्री ब्रेकफास्ट म्हणतात पण तो सुरू होतो आठला, आणि फर्स्ट शिफ्टसाठी माणसाला सातला गेटवर उभं राहायचं असतं. मिळतो तरी काय, गार पोहे आणि ब्रेड-बटर. नाशिकला येऊन ते कोण खातं, बाहेर मिसळ आहे ना. नाश्त्याशिवायचा रेट किती ते विचारा, शंभर-दीडशे बऱ्याचदा कमी होतात, मिसळीचे पैसे तिथेच सुटतात.